म्हाताऱ्यांचे डोळेही वाया जात नाहीत

"आमच्या आप्पांचे वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचे ऑपरेशनही झालेले. त्यांचे डोळे कोणाच्या काय कामाचे?" नेत्रदानाचा विषय काढला की दोंडाईच्यात मला हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. आज त्याचेच उत्तर पाहू.

नेत्रदानात मिळालेला अख्खा डोळा दुसऱ्याला बसवत नाहीत. बसवतात ते पारपटल, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. आतल्या बाजूच्या जिवंत पेशी त्याला स्वच्छ ठेवतात. या पेशी पुरेशा असतील तर फूल पडलेल्या डोळ्याला त्यातून दृष्टी देता येते. उतारवयात त्या कमी झालेल्या असू शकतात.

मग असा डोळा टाकून द्यायचा का? मुळीच नाही! त्याचे पारपटल ग्लिसरिनमध्ये साठवता येते. अमेरिकेत ते गॅमा किरणांनी निर्जंतुक करूनही ठेवतात. असे पारपटल महिनोन्महिने टिकते. त्यात जिवंत पेशी नसल्याने नजर परत येत नाही, पण मजबूत ठिगळ म्हणून ते उपयोगी पडते.

दादर-बाजरीच्या मळणीत डोळ्यात कुसळ जाते, जखम चिघळते, कधी पारपटलाला भोकही पडते. अशा वेळी ताज्या पारपटलाची वाट पाहत बसता येत नाही. हे ठिगळ लावून डोळा वाचवतात. नजरेसाठीचे ऑपरेशन पुढे करता येते.

काचबिंदूत औषधांनी दाब उतरला नाही, तर काही रुग्णांच्या डोळ्यात बारीक नळी बसवतात. ती वरच्या नाजूक आवरणातून उघडी पडली तर जंतू आत शिरतात. म्हणून तिच्यावर दानातील पारपटलाचा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा तुकडा शिवतात.

तेव्हा वय, चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन यांपैकी काहीही नेत्रदानाच्या आड येत नाही. एड्स, रेबीज, हिपॅटायटिस बी किंवा सी असल्यास मात्र डोळे घेत नाहीत. कोणता डोळा कशासाठी वापरायचा, हे नेत्रपेढी तपासून ठरवते.

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधीच विचारून घरात लिहून ठेवावा. वेळ आलीच तर लगेच फोन करावा, पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती चालते. चेहरा विद्रूप होत नाही.

दरवर्षी १० जूनला डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ आपण दृष्टिदान दिन पाळतो. त्या दिवशी भरलेला फॉर्म घरच्यांना दाखवून ठेवा. वेळेवर फोन त्यांनाच करायचा आहे.