लिनक्सला ठाऊक असतो तो क्रमांक

ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर ‘सुनीता’ नावाचं खातं उघडलं, तरी कर्नलला नावाशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी ती 1003 किंवा असाच एखादा क्रमांक. तिच्या प्रत्येक फाइलवर मालक म्हणून हाच क्रमांक नोंदलेला असतो.

नाव-क्रमांकाची जोडी ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘पासडब्ल्यूडी’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. एका खात्याची एक ओळ, तिच्यात कोलनने वेगळे केलेले सात रकाने. उबंटू, डेबियनवर माणसांचे क्रमांक 1000 पासून लागतात, त्याखालचे बहुतेक सिस्टिमच्या सेवांचे. 0 म्हणजे रूट. दुसऱ्या कुठल्याही नावापुढे 0 असला, तर त्या खात्यालाही रूटचे सगळे अधिकार मिळतात. म्हणून खाती तपासताना आधी क्रमांकाचा, म्हणजे तिसरा, रकाना बघावा. क्रमांकाचं नाव करून दाखवायला ‘एलएस’सारख्या कमांडला ही फाइल लागते, त्यामुळे ती सगळ्यांना वाचता येते. पासवर्डचा हॅश मात्र ‘शॅडो’ या वेगळ्या फाइलमध्ये, सामान्य यूजरच्या नजरेआड.

आता सुनीताने नोकरी सोडली. ‘यूजरडेल’ने तिची ओळ गेली, पण फायली राहिल्या. ‘आर’ पर्याय दिला तर होम डिरेक्टरी जाते, सामायिक फोल्डरमधल्या फायली तरीही राहतातच. मग राहुल रुजू होतो. ‘यूजरॲड’ सहसा वापरातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देतो. सुनीताचं खातं शेवटचं असेल, तर 1003 राहुलला मिळतो आणि तिच्या उरलेल्या सगळ्या फायलींचा तो मालक होतो. कोणी काही मंजूर न करता!

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: खातं पुसू नका, बंद करा. ‘यूजरमॉड’ला मोठा ‘एल’ दिला, की हॅशच्या आधी उद्गारचिन्ह लागतं आणि पासवर्ड चालेनासा होतो. तेवढ्याने भागत नाही. एसएसएच की वापरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. त्यासाठी त्याच कमांडला छोटा ‘ई’ आणि 1 हा आकडा द्यावा. मुदतीचे दिवस 1 जानेवारी 1970 पासून मोजले जातात, त्यामुळे खात्याची मुदत केव्हाच संपलेली ठरते. चालू असलेलं लॉगिन मात्र याने तुटत नाही, ते वेगळं बंद करावं लागतं.

आधीच पुसलेल्या खात्यांच्या बेवारस फायली ‘फाइंड’ला ‘नोयूजर’ पर्याय देऊन सापडतात. नवं खातं उघडण्याआधी त्या ‘सीएचओन’ने योग्य माणसाच्या नावावर कराव्यात.