चाकामागची चकती

२०२४ साली उज्जैन येथे विक्रमोत्सवानिमित्त भरलेल्या व्यापार मेळ्यात मोटारींच्या करात ५० टक्के सूट मिळाली आणि अनेक घरांपुढे नवी गाडी उभी राहिली. गाडी दारी आली की तरुणांना तिला निराळे रूप देण्याची हौस येते. आखूड स्प्रिंगा बसवून गाडी जमिनीलगत आणावयाची आणि मग आत दडल्यासारखी दिसणारी चाके बाहेर काढण्यासाठी त्यांच्यामागे धातूची चकती घालावयाची, हा त्यातलाच एक प्रकार. या चकतीला स्पेसर म्हणतात. हौसेला नाक मुरडणे आम्हांस पसंत नाही. परंतु जिच्यावर घरातील चार-पाच माणसांचे प्राण विसंबतात, त्या वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांनीही करून घेतली पाहिजे.

प्रत्येक बाजूस १५ मिलिमीटरची चकती घातली की डाव्या-उजव्या चाकांतील अंतर ३० मिलिमीटरने वाढते. दिसावयास ही वाढ क्षुल्लक. पण तेवढाच भार बेअरिंगपासून दूर सरकतो. भरलेली कळशी कडेवर घेणे आणि हात लांबवून धरणे, यांत जो फरक, तोच येथे. बेअरिंग लवकर झिजते आणि खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो.

चकती निवडताना तीन मापे जुळली पाहिजेत : बोल्टांची संख्या, ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास आणि मधल्या भोकाचे माप. हे भोक हबच्या कड्यावर घट्ट बसले, तरच चाक केंद्रात राहते. सैल बसले तर गाडी वेगात थरथरते. पातळ चकतीमुळे नट मूळच्या आट्यांवर कमी चढतो, म्हणून तेथे लांब स्टड हवेत. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नटाची पकड निदान तितक्याच लांबीची असावी. आट्यांतील अंतर दीड मिलिमीटर असेल तर हे आठ पूर्ण फेरे होतात. जाड चकतीला स्वतःचे स्टड असतात. मात्र हबचे मूळ स्टड तिच्याबाहेर डोकावत असतील, तर चाक सपाट टेकत नाही. एकावर एक दोन चकत्या तर कदापि घालू नयेत.

बसविताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशाने काढावा. नट समोरासमोरचे, क्रमाक्रमाने आवळावेत आणि शेवटचा ताण मोटारीच्या पुस्तिकेतील व चकती बनविणाऱ्याने दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानेच द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत. गाडीत माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून टायर मडगार्डला घासत नाही ना, हेही पाहावे.

आता रस्त्याचा विचार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असते. गल्लीबोळांतील उंचवटे हे मानक पाळतातच असे नाही. मूळची १६-१७ सेंटिमीटर उंचीची गाडी चार सेंटिमीटर खाली आणली आणि तीत पाच माणसे बसली, तर किती अंतर उरेल, हे गणित शाळकरी मुलगाही करील.

कायद्याचेही भान हवे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात, अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फार महाग पडते.

आमचे मत विचाराल, तर ज्या गाडीतून कुटुंब प्रवास करते, तिच्या चाकामागे चकती नसावी हेच बरे. तरीही घरातील तरुणाचा आग्रह असेल, तर त्याला नुसते रागावू नये. वरची मापे त्यालाच घ्यावयास लावावीत. मोजता मोजता पुष्कळदा त्याचा निर्णय तोच घेतो.