पाच वॅटचा पल्ला

हौशी रेडिओत (व्यापारी हेतूविना, सरकारी परवान्याने चालणारे बिनतारी संभाषण) 'क्यूआरपी' म्हणजे अल्पशक्तीचे प्रक्षेपण. मोर्स संकेतांसाठी ५ वॅट व आवाजासाठी १० वॅट ही त्याची रूढ मर्यादा होय. वॅट कमी तर पल्लाही त्याच प्रमाणात कमी, हा समज स्वाभाविक असला तरी बरोबर नाही. शक्ती १०० वॅटवरून ५ वॅटवर आणल्यास ती विसाव्या हिश्श्यावर येते, परंतु ग्राहक यंत्राच्या सिग्नल-मापकावर ही घट जेमतेम दोन अंकांची दिसते. अंधाऱ्या शिवारात राखणदाराची साधी बॅटरी दूरवरून दिसते आणि तीच बाजाराच्या झगमगाटात हरवते, तसेच येथेही भोवतालचा विद्युत गोंगाट निर्णायक ठरतो.

७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) परतत असल्याने अनुकूल वेळी वाशीमहून पुणे वा हैदराबादशी संपर्क शक्य असतो. त्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची, मधोमध जोडणी घेतलेली तार उंच ताणावी लागते, आणि नवशिक्याने यंत्रापेक्षा तारेवर अधिक खर्च करणे शहाणपणाचे. वाशीम जिल्ह्यातील रिसोड वा मानोऱ्याच्या शिवारात जागेची अडचण सहसा नसते; अडचण विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरची, कारण त्याची ठिणगी रेडिओत खरखर उठवते. यंत्राचे म्हणाल तर, हैदराबादचे अशहर फरहान यांनी आखलेला 'बिटएक्स' हा संच अशाच काही वॅटचा व घरी जुळवता येण्याजोगा आहे. मात्र शक्ती अल्प असली तरी प्रक्षेपणाला केंद्रीय दूरसंचार विभागाचा परवाना लागतोच, आणि तो परीक्षेनंतर मिळतो.