नोझल कोणाच्या हातात?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबं पेट्रोल भरायला गाडीतून उतरत नाहीत. काच खाली करायची, कार्ड द्यायचं, 'रेग्युलर, फुल' म्हणायचं. पुढचं पंपावरचा माणूस बघतो. तीच गाडी डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेली, की मात्र चालकाला स्वतः उतरून नोझल हातात घ्यावं लागतं. नदीच्या दोन्ही काठांवर यंत्रं सारखी आणि पेट्रोलही सारखं, फक्त कायदा निराळा. न्यू जर्सीने १९४९ साली ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायला मनाई केली, ती अजून उठलेली नाही. राज्यभर सरसकट मनाई असलेलं हे अमेरिकेतलं आता एकमेव राज्य. आगीचा धोका, विम्याचा वाढता हप्ता, वृद्ध आणि अपंग ग्राहकांची अडचण अशी कारणं त्या कायद्यातच नोंदलेली आहेत.

ओरेगननेही १९५१ पासून असाच कायदा पाळला. पावसात पंपाची फरशी निसरडी होते, हेसुद्धा तिथे एक कारण होतं. २०२३ मध्ये तिथल्या चालकांना नोझल मिळालं, पण अर्धे पंप कर्मचाऱ्यांच्या हाती राहिलेच पाहिजेत, या अटीवर.

ब्राझीलने तर कारण आडवळणाने सांगितलं नाही. ग्राहकाने स्वतः चालवायचे पंप तिथे जानेवारी २००० च्या कायद्याने देशभर बंद झाले, ते पंपावर काम करणाऱ्यांची नोकरी टिकावी म्हणून. दक्षिण आफ्रिकेतही चालक गाडीतच बसून राहतो. कर्मचारी पेट्रोल भरतो, पुढची काच पुसतो आणि चार नाणी बक्षिसी मिळवतो. लाखाहून अधिक माणसांची चूल या कामावर पेटते. बेकारीने पोळलेल्या देशात एवढ्या रोजगाराला मागासपणाची खूण म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे दर ठरतो तो महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी. भाववाढ जाहीर झाली, की मंगळवारी संध्याकाळी पंपांवर रांगा लागतात.

ब्राझीलच्या चालकाला गाडीत बसल्या बसल्या एक हिशेब मात्र करावा लागतो. २००३ पासून तिथे पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. इथेनॉलवर गाडी कमी धावते, म्हणून त्याचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते घेणं परवडतं, असा तिथला सर्वसाधारण आडाखा. ब्राझीलच्या उसाचं इथेनॉल वेगळ्या नोझलमधून मिळतं आणि निवड चालकाची असते. महाराष्ट्राच्या उसाचं इथेनॉल मात्र पेट्रोलमध्ये आधीच मिसळून येतं. आपल्या गाडीत काय जातं हे निवडण्याचा तो हक्क हेवा वाटावा असाच आहे.

जपानमध्ये एप्रिल १९९८ पर्यंत अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे स्वतः पेट्रोल भरता येत नसे. जुन्या पद्धतीच्या पंपावर आजही गणवेशातला कर्मचारी गाडीला जागा दाखवतो, काचा पुसतो, आतली काच पुसायला चालकाच्या हाती फडकं देतो आणि निघताना रस्त्यावर जाऊन वाहतुकीचा अंदाज घेत गाडी बाहेर काढून कमरेत वाकून निरोप देतो. जागा अपुरी असेल तिथे नोझल छतातून लोंबकळतात. स्वयंसेवेचा पंप निर्मनुष्य दिसतो, पण तसा नसतो. ग्राहक आधी स्थिर वीज घालवणाऱ्या पट्टीला हात लावतो. आतला प्रशिक्षित कर्मचारी खिडकीतून किंवा कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवून असतो आणि त्याने परवानगीचं बटण दाबल्यावरच पेट्रोल वाहू लागतं. स्वयंसेवा आली, तरीही १९९० च्या दशकाच्या मध्याला साठ हजारांच्या घरात असलेली पंपांची संख्या आज निम्म्याहून खाली आली आहे. याची खरी झळ डोंगराळ गावांतल्या म्हाताऱ्यांना बसते, कारण हिवाळ्यात घर उबदार ठेवायचं रॉकेलही ते याच पंपांवरून आणतात.

टाकी भरली, की नोझल 'टक' करून बंद होतं, ते कसं? टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहताना त्यातून हवा ओढली जाते. टाकीतली पातळी छिद्रापर्यंत चढली, की हवा अडते, आत पोकळी तयार होते आणि पडदा ओढला जाऊन झडप मिटते. ही युक्ती जगभर तीच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खटका अडकवून चालक हात मोकळा ठेवू शकतो. ब्रिटनमध्ये तो खटकाच नसतो, त्यामुळे थंडीवाऱ्यात शेवटच्या थेंबापर्यंत मूठ दाबून उभं राहावं लागतं.

परदेशात गाडी भाड्याने घेणाऱ्याने रंगांवर विसंबू नये. ब्रिटनमध्ये हिरवं नोझल पेट्रोलचं, जपानमध्ये डिझेलचं. अमेरिकेतही हिरवं बऱ्याचदा डिझेलचंच असतं. युरोपीय संघात २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाडीच्या झाकणापाशी सारखी चिन्हं लावतात: पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन. इटलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एकाच पंपावर दोन दर असतात, आणि कर्मचाऱ्याकडून भरून घेण्याचा दर चढा असतो.

मेक्सिकोत मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. तिथेही भरण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, हे बघून घेण्याची रीत आहे. आपल्याकडचं 'झिरो बघा' हे त्याचंच भावंड. पण नुसतं शून्य पाहून माप खरं ठरत नाही. त्यासाठी भारतातल्या प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरही मागता येतो. या तपासण्यांना पैसे पडत नाहीत.