घाट उतरला की ‘ळ’ बदलतो

वडिवळे हे नाणे मावळातलं, कामशेतजवळचं गाव. त्याच्या नावातला ‘ळ’ मराठीच्या बोली ओळखायला फार कामाचा आहे. प्रमाण मराठीतला ‘डोळा’ बोरघाट उतरून आगरी मुलखात गेला की ‘डोला’ होतो आणि वऱ्हाडात ‘डोया’. म्हणजे दोन वाक्यांत माणसाचा मुलूख कळतो. आपण याला ‘अशुद्ध’ म्हणतो, पण तो नियमित ध्वनिबदल आहे. ‘काळा’सुद्धा त्याच वाटेने ‘काला’ आणि ‘काया’ होतो. नियम पाळणाऱ्याला अशुद्ध कसं म्हणायचं?

पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘जातुया’, ‘व्हता’, ‘पानी’ सर्रास ऐकू येतं. तीच माणसं बँकेत किंवा तहसील कचेरीत गेली की ‘होता’, ‘पाणी’ म्हणतात आणि घरी परतल्यावर पुन्हा मूळ वळणावर येतात. ही दोन्हींकडची सफाई शाळेत कुणी मोजत नाही.

साहित्यात बोलीला आधी संवादांपुरती, तीही बरेचदा विनोदासाठी, जागा मिळे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) मात्र वऱ्हाडी बोली दुःख पेलते. बहिणाबाई चौधरींच्या बोलीतल्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपात आल्या. त्या कवितांना प्रमाण मराठीत बसवलं तर लय आधी मोडेल.

बोलींची नोंद घेणंही नवं नाही: ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५चा. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने गावोगावचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, त्यात नात्यांची नावंही विचारली.