गोळी कसली, हे विचारायचंच!

आपल्या मुली आता कबड्डी खेळतात, भरतीसाठी पहाटे उठून धावतात. म्हणून आज आम्ही डोपिंगबद्दल बोलणार आहोत. डोपिंग म्हणजे खेळात ताकद वाढावी म्हणून बंदी असलेलं औषध घेणं.

1967 साली फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्लंडचा खेळाडू डोंगर चढताना कोसळला आणि दगावला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडलं. पुढच्याच वर्षापासून ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची तपासणी सुरू झाली. स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडची तपासणी मात्र 1976 साली आली.

त्याच 1976 च्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी पोहण्याच्या 13 पैकी 11 शर्यती जिंकल्या. तपासणीत एकही सापडली नाही. खरं काय ते पुढे बाहेर आलं. सरकारच्याच गुप्त योजनेतून शाळकरी मुलींनाही निळ्या गोळ्या दिल्या जात. सांगत काय, तर या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत! स्पर्धेच्या आधी गोळ्या थांबवायच्या, लघवी आपल्याच प्रयोगशाळेत तपासायची आणि औषधाचा अंश निघाला तर त्या मुलीला परदेशी पाठवायचंच नाही, अशी ती युक्ती होती.

त्या गोळ्या पुरुषी संप्रेरकाच्या होत्या. मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले. कुणाचं यकृत बिघडलं, कुणाला बाळंतपणात त्रास झाला. शेवटी त्याच मुली मोठ्या होऊन कोर्टात बोलल्या आणि 2000 साली बर्लिनमध्ये तिथले क्रीडाप्रमुख दोषी ठरले.

फक्त स्पर्धेच्या दिवशी तपासून भागत नाही, हे यातून कळलं. म्हणून आता सरावाच्या काळातही न सांगता येऊन नमुना घेतात. 1999 साली जगभरासाठी ‘वाडा’ ही संस्था स्थापन झाली. आपल्याकडे ‘नाडा’ आहे आणि 2022 साली कायदाही झाला.

यातला एक नियम आपण पक्का ध्यानात ठेवू. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. “सरांनी दिलं म्हणून घेतलं,” एवढं म्हणून सहसा सुटका होत नाही.

म्हणून मुलीला कुणी पावडर, गोळी किंवा इंजेक्शन दिलं, तर त्याचं नाव विचारा. डबा आणि चिठ्ठी जपून ठेवा. नाव सांगत नसतील तर घेऊ देऊ नका. सर्दीच्या काही औषधांतही बंदी असलेले घटक असतात. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर आधी सांगा, “डॉक्टर, आमची मुलगी स्पर्धेत खेळते.”

त्या जर्मन आयांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आपण विचारू या.