कोळसा खाणीतील मिथेन निचरा : पोचरस्ते व वेधनस्थळांचे नियोजन

भूमिगत कोळसा खाणीतील मिथेन वायू छिद्रांवाटे ओढून बाहेर काढण्याच्या पद्धतीला मिथेन निचरा म्हणतात. ही छिद्रे खाणीच्या आतूनही घेता येतात. मात्र ती भूपृष्ठावरून घ्यावयाची असल्यास वेधनयंत्रासाठी सपाट जागा आणि तेथवर जाणारा रस्ता लागतो. छिद्र कोठे घ्यावे, यंत्र कोणत्या वाटेने न्यावे आणि काम संपल्यावर जमीन पूर्ववत कशी करावी, हे आधीच ठरविणे हा या नियोजनाचा विषय होय.

आवश्यकता

वनस्पतींपासून कोळसा बनत असताना मिथेन तयार होतो व थरात अडकून राहतो. कोळसा फोडला की तो मोकळा होतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाल्यास एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. पंख्यांनी हवा खेळवून मिथेन विरळ करणे हा पहिला उपाय आहे. परंतु वायू फार असल्यास वायुवीजन अपुरे पडते आणि निचरा करावा लागतो.

वेधनस्थळाची निवड

लाँगवॉल पद्धतीत कोळशाचा लांबरुंद पट्टा सलग काढला जातो आणि मागे उरलेल्या पोकळीत छताचा खडक कोसळतो. या भेगाळलेल्या खडकात मिथेन साचतो. म्हणून छिद्र थराच्या थोडे वरपर्यंत आधीच घेऊन ठेवतात. खोदाई त्याच्या खालून पुढे सरकली की भेगांमधील वायू छिद्रात येतो व भूपृष्ठावरील शोषक पंपाने तो ओढून घेतला जातो.

यावरून दोन बंधने स्पष्ट होतात. पहिले जागेचे : छिद्राची जागा भूगर्भातील पट्टा ठरवितो, वरचा डोंगर नव्हे. उतार, झरा किंवा दरड टाळण्यासाठी ती थोडीफार हलविता येते, फार दूर नेता येत नाही. दुसरे वेळेचे : खोदाई तेथे पोहोचण्यापूर्वी छिद्र आणि त्याही आधी रस्ता तयार असावा लागतो. एकाच जागेवरून अनेक तिरकी छिद्रे घेतल्यास रस्ते कमी लागतात. मात्र खर्च वाढतो आणि खचणाऱ्या खडकात अशी छिद्रे टिकतीलच असे नाही.

पोचरस्त्यांचे नियोजन

शक्य तेथे जुनी वाट वापरणे हे पहिले तत्त्व आहे. नवा रस्ता समोच्च रेषांना धरून आखला तर चढ सौम्य राहतो व मातीची धूप कमी होते. ओढे कमीत कमी ठिकाणी ओलांडावेत आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी चर व मोऱ्या असाव्यात. वरची सुपीक माती वेगळी साठवून ठेवतात. वन्यप्राण्यांचा विणीचा काळ आणि अतिपावसाचे किंवा हिमवर्षावाचे दिवस टाळून कामाचे वेळापत्रक आखतात. शेवटी छिद्र सिमेंटने बंद करणे, रस्ता मोडून मूळ उतार साधणे आणि स्थानिक गवत पेरणे अपेक्षित असते.

वेस्ट एल्क खाणीचे उदाहरण

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सॉमरसेट गावाजवळ वेस्ट एल्क ही भूमिगत खाण आहे. तिच्या विस्तारासाठी सनसेट या रस्तेविरहित वनक्षेत्राखालील सुमारे १,७२० एकर भागातील कोळसा काढण्याचा प्रस्ताव होता. कोळसा भूगर्भातून निघणार असला, तरी मिथेनच्या छिद्रांसाठी वरच्या जंगलात रस्ते करणे भाग होते. २०१२ च्या कोलोरॅडो रस्तेविरहित क्षेत्र नियमाने सुमारे ४२ लाख एकर वनभूमीला संरक्षण दिले. त्यातच नॉर्थ फोर्क परिसरातील सुमारे १९ हजार एकर क्षेत्रात कोळशाच्या कामासाठी तात्पुरत्या रस्त्यांची सवलत ठेवली.

पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या. खाणीचे आर्थिक लाभ मोजले, पण हरितगृह वायूंची किंमत मोजता येत नाही असे म्हटले, या त्रुटीवर २०१४ मध्ये जिल्हा न्यायालयाने बोट ठेवले. सवलत २०१६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०२० मध्ये दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने, पायलट नॉब हे क्षेत्र सवलतीतून वगळण्याच्या पर्यायाचा सविस्तर अभ्यास न केल्याचा ठपका ठेवला. मिथेन जाळण्याचा पर्याय तपासणे मात्र कायद्याने बंधनकारक नव्हते, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

वायूचा विनियोग

शंभर वर्षांच्या काळात मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरला जातो. त्यामुळे तो नुसता हवेत सोडल्यास कामगार वाचतात, पण वातावरणाची हानी होते. सॉमरसेटजवळच्याच एल्क क्रीक खाणीत २०१२ मध्ये मिथेनपासून वीज निर्माण करणारा ३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. असा विनियोग करावयाचा असेल, तर वायुवाहिनीची जागाही रस्त्यांबरोबरच आखावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात वायूच्या प्रमाणानुसार कोळशाच्या थरांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. एक टन कोळशामागे १० घनमीटरपेक्षा अधिक ज्वलनशील वायू निघणारा थर तिसऱ्या श्रेणीत मोडतो. झारखंडमधील धनबादजवळची मुनीडीह ही वायुबहुल खाण म्हणून ओळखली जाते. याच राज्यातील धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी झालेल्या स्फोटात अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. वनभूमी अशा वनेतर कामासाठी वापरावयाची असल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक असते.